हातानें भरलेला बार आणि नळीचें आयुष्य

घरांत पोलादाची एखादी वस्तु आली म्हणजे ती दोन पिढ्या तरी पुरावी अशी आपली अपेक्षा असते. आजीचा अडकित्ता नात वापरते. विळीचें पातें झिजून अर्धें झालें तरी कांदा चिरतें. मग ज्या पोलादी नळीचें आयुष्य, तिनें प्रत्यक्ष काम केल्याचा काळ तेवढाच मोजला तर, चार सेकंदांहून अधिक भरत नाहीं, तिला काय म्हणावें? ही अतिशयोक्ति नव्हे. साधा गुणाकार आहे. वेगवान् रायफलींत बार पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडासाच अधिक काळ जातो. असे तीन हजार बार काढले कीं पुष्कळ नळ्यांची अचूकता संपते. हजारावा भाग तीन हजार वेळां घेतला म्हणजे तीन-चार सेकंदांचाच हिशोब होतो. या चार सेकंदांचे पांच कसे करावे, आणि तेवढ्या अवधींत प्रत्येक गोळी पहिलीच्या भोंकांतून कशी जावी, या प्रश्नापायीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टर, लष्करी अधिकारी, यंत्रकारागीर व हौशी गृहस्थ यांनीं शंभराहून अधिक वर्षें खर्ची घातलीं.

प्रथम एक शब्द समजून घेतला पाहिजे. अमेरिकन शेतकरी ज्याला ‘व्हार्मिंट’ म्हणतो तो इंग्रजी ‘व्हर्मिन’ या शब्दाचाच खेडवळ उच्चार होय. शेताला व कुरणाला उपद्रव देणारा कोणताहि लहान प्राणी या सदरांत येतो. पूर्वेकडील संस्थानांत तो वुडचक असतो. बिळांत राहणारा, मांजराएवढा, गवत आणि भाजीपाला फस्त करणारा. पश्चिमेच्या माळरानावर तो प्रेअरी डॉग असतो. नांवांत कुत्रा असला तरी कुळानें खार. बिळांत अडकून घोड्यांचे पाय मोडतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. शिकार म्हटली कीं आपल्याकडे वाघ डोळ्यांपुढें येतो. मचाण, हाकारे आणि जवळून सुटणारी जड गोळी. या शिकारींत त्यांतलें कांहींच नाहीं. प्राणी बिळाच्या तोंडाशीं उभा राहून टेहळणी करतो व माणूस जवळ येऊं लागतांच आंत नाहींसा होतो. त्याला दोनशें-तीनशें यार्डांवरूनच टिपावें लागतें, आणि नेम धरण्याजोगा त्याचा भाग तळहाताएवढाच असतो. अंतर नजरेनें अजमावयाचें असल्यामुळें गोळीचा मार्ग होईल तितका सरळ हवा. मार्ग सरळ हवा तर वेग हवा. वेग आणि अचूकता या दोन मागण्यांनीं ही विशिष्ट रायफल घडविली. तिसरी मागणी, म्हणजे नळी टिकण्याची, आरंभीं कोणी केलीच नव्हती. ती मागाहून, वाण्याच्या उधारीसारखी, दाराशीं आली.

ठासणीच्या बंदुकीच्या काळीं प्रत्येक शिपाई आपला बार आपणच भरीत असे. दारू मापानें ओतावी, वर गोळी ठासावी, टोपी चढवावी आणि चाप ओढावा. कारखान्यांतलें पितळी काडतूस आलें आणि हें कसब शिपायाच्या हातून गेलें. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली टोपी, पोटांत दारू आणि तोंडांत गोळी. बार उडाल्यावर तीन भाग जातात. चौथा, म्हणजे पुंगळी, हातांत राहतो. चारांत सर्वांत महाग भाग तोच. तो पुन्हां भरतां येतो किंवा नाहीं हें मात्र बुडाच्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या भोंकावर अवलंबून असतें, आणि येथें इतिहासानें मोठी गंमत केली आहे. १८६६ च्या सुमारास हायरम बर्डन या अमेरिकन माणसानें एक रचना काढली, तर एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्यानें दुसरी. बर्डनच्या पुंगळींत ठिणगी जाण्यास दोन बारीक छिद्रें बाजूला असतात. बॉक्सरच्या पुंगळींत मधोमध एकच. एकच छिद्र मधोमध असलें कीं आंतून सुई घालून जळलेली टोपी सहज पाडतां येते. अमेरिकनाची रचना युरोपनें उचलली व इंग्रजाची अमेरिकेनें! ब्रिटिश लष्कराच्या .३०३ रायफलीचीं काडतुसें बर्डन पद्धतीचीं असत; पुण्याजवळ खडकीस १८६९ सालीं निघालेल्या कारखान्यांतलीं काडतुसेंहि तशींच होतीं. त्यामुळें आपल्याकडे रिकामी पुंगळी मोडींतच जावयाची. अमेरिकेंत मात्र ती घरीं परत येई, आणि स्वयंपाकघराच्या मेजावर पुन्हां भरली जाई.

हें भरणें आरंभीं काटकसरीचें होतें. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें ‘आयडियल’ नांवाची कंपनी काढून चिमट्यासारखीं छोटीं हत्यारें विकावयास घेतलीं. पक्कडींतच गोळी ओतण्याचा सांचा, टोपी बसविण्याची खोबण, सर्व कांहीं. पण काटकसरीच्या पोटांतून लवकरच दुसरी गोष्ट निघाली. हातानें भरलेला बार कारखान्याच्या बारापेक्षां अधिक अचूक जातो असें दिसून आलें. कारण उघड होतें. कारखाना हजारों रायफलींसाठीं एकच माप बेततो. घरचा भरणारा आपल्या एकाच रायफलीचें माप घेतो. शिवलेला अंगरखा आणि तयार अंगरखा यांतला हा फरक.

या विद्येचे पहिले आचार्य म्हणून हॅरी पोप यांचें नांव घेतलें जातें. १८६१ सालीं जन्मलेला हा गृहस्थ नळ्यांना आंतून आटे पाडण्यांत अद्वितीय होता. १९०६ सालीं त्यानें सॅन फ्रान्सिस्कोस दुकान थाटलें आणि त्याच वर्षींच्या भूकंपांत तें गेलें. पुढें जर्सी सिटींतील एका खोलींत, सामानाच्या अडगळींत, तो एकेक नळी आपल्या गतीनें करीत राहिला आणि गिऱ्हाइकें वाट पाहत राहिलीं. त्याच्या नळींतून जर्मन-अमेरिकन नेमबाज मंडळांचे लोक शिशाची मऊ गोळी मारीत. पुष्कळदां सबंध दिवस एकच पुंगळी पुन्हां पुन्हां भरून वापरीत, म्हणजे पुंगळीपुंगळींतला फरकहि नको! १९०१ सालीं कोलोरॅडोंत अशा एका पोप नळीनें दोनशें यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. दहाहि छिद्रांचीं केंद्रें पाऊण इंचाहून कमी जागेंत होतीं. हा विक्रम कित्येक दशकें लोकांच्या तोंडीं होता. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्या गोळीचा वेग आजच्या मानानें अगदींच मंद होता. काळी दारू, शिशाची गोळी, आणि नळी पिढ्यान्‌पिढ्या टिके.

त्याच काळांत मॅसॅच्युसेट्समधील मिल्फर्ड गांवीं फ्रँकलिन मॅन नांवाचे एक डॉक्टर वैद्यकी सोडून गोळ्यांच्या मागें लागले होते. अचूक बंदुकीहि मधूनच का चुकतात, हा त्यांचा प्रश्न. माणसाचा हात व डोळा यांचा दोष वगळावा म्हणून त्यांनीं जमिनींत काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला व त्यावर नळी जखडून गोळ्या मारल्या. वारा लागूं नये म्हणून मार्ग झांकून घेतला. गोळ्यांचीं टोकें मुद्दाम बोथट केलीं, मग बुडें खरवडलीं, आणि असें आढळलें कीं टोक बिघडल्यानें फारसें बिघडत नाहीं, पण बूड किंचित् वांकडें असलें तर गोळी भरकटते. १९०९ सालीं त्यांनीं आपले प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. या ग्रंथांत फसलेले प्रयोगहि मोकळेपणानें नोंदलेले आहेत. हौशी माणसाच्या हातून असें शास्त्रीय काम क्वचित् होतें.

पोप आणि मॅन यांचें हें शांत विश्व एका नव्या दारूनें उलथून टाकलें. १८८४ सालीं पॉल व्हिएइ या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू तयार केली. तिनें गोळीचा वेग एकदम वाढला आणि धुराचा पडदा नाहींसा झाला. परंतु तिचा खरा हिशोब इंग्रजांच्या पदरीं पडला. त्यांची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठीं आंखलेली होती. तिचे आटे उथळ व गोलसर, म्हणजे काजळी धरूं नये अशा बेतानें केलेले. तींत कॉर्डाइट दारू जाळूं लागतांच ते आटे भराभर पुसूं लागले. १८९५ सालीं एन्फील्डच्या कारखान्यानें खोल, चौकोनी आटे पाडले. एवढ्यानें भागलें नाहीं, म्हणून १९०१ सालीं कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनचें प्रमाण शेंकडा ५८ वरून ३० वर आणावें लागलें. जी दारू अधिक उष्ण जळते ती नळीला अधिक खाते, हा धडा येथें प्रथम राजमान्य झाला.

खाणें म्हणजे नेमकें काय होतें? गोळीच्या घर्षणानें नळी झिजते अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती बहुतांशीं चुकीची आहे. जळत्या दारूच्या वायूंचें उष्णतामान अडीच हजार अंश सेंटिग्रेडच्या आसपास जातें, आणि पोलाद दीड हजार अंशांच्या सुमारास वितळतें. नळी वितळून जात नाहीं ती केवळ वेळ अत्यल्प म्हणून. पण पृष्ठभागाचा केंसाहूनहि पातळ थर प्रत्येक बाराला तापतो व लागलाच निवतो. वायूंतील कार्बन त्यांत शिरतो, थर कडक व ठिसूळ होतो, त्याला उन्हाळ्यांतल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात, आणि पुढच्या वायूच्या झोतानें त्या भेगांच्या कडा उडून जातात. हा सर्व प्रकार जेथें आटे सुरू होतात तेथें, पुंगळीच्या तोंडापुढच्या दोनतीन इंचांत घडतो. या भागाला नेमबाज नळीचा घसा म्हणतात. नळीचें तोंड नवें कोरें दिसत असतांना घसा मात्र पार बसलेला असतो.

याच्या जोडीला गंजाचें दुसरें दुखणें होतें, आणि बरींच वर्षें लोक या दोहोंत गल्लत करीत. टोपींतील मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळल्यावर नळींत एक क्षार राही, आणि मिठाप्रमाणें तो हवेंतील ओल धरी. वेळींच पाण्यानें न धुतलेली नळी दोन दिवसांत तांबडी होई. दोष दारूला दिला जाई. खरा अपराधी टोपींतला क्षार आहे हें अमेरिकन सरकारच्या खाणखात्यांतील हफ या रसायनज्ञानें १९२२ सालीं दाखवून दिलें. टोपींतील पारा तर पुंगळीचा वैरी; त्यानें पितळ इतकें ठिसूळ होई कीं ती पुन्हां भरण्यास निकामी ठरे. १९२७ सालीं रेमिंग्टन कंपनीनें न गंजविणारी टोपी बाजारांत आणली. गंजाचा पडदा दूर झाला तेव्हां खरी झीज उघडी पडली, आणि ती वेगाची होती.

आतां ‘हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी. १९२० नंतरच्या दशकांत स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेच्या परिसरांत कर्नल टाउन्सेंड व्हेलन, कॅप्टन वॉटकिन्स आणि त्यांचे सोबती यांनीं काळ्या दारूच्या जमान्यांतली एक चिमुकली पुंगळी उचलली, तींत नवी दारू घातली आणि .२२ इंच जाडीची हलकी गोळी बसविली. वेग सेकंदास सुमारें २,४०० फूट भरला. १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें हें काडतूस विकावयास काढलें तेव्हां तें मारणारी एकहि कारखानदारी रायफल बाजारांत नव्हती! कारागिरांनीं हातानें घडविलेल्या रायफलींसाठीं काडतूस आधीं आलें. तयार रायफल १९३२ सालीं निघाली. हौशी माणसांनीं कारखान्याला मागें ओढीत नेल्याचें एवढें स्पष्ट उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

हॉर्नेट सौम्य होती, नळीला फारशी न खाणारी. पण एकदां वेगाची चटक लागली कीं सौम्यपणा कोणाला रुचतो? १९३५ सालीं विंचेस्टरनें ‘.२२० स्विफ्ट’ काढली. ४८ ग्रेनांची गोळी, म्हणजे आपल्या सोनाराच्या कांट्यावर तीन माशांहून किंचित् अधिक. आणि वेग सेकंदास ४,११० फूट, आवाजाच्या गतीच्या साडेतीन पटींहून अधिक. कोणत्याहि कारखान्यानें तोंवर चार हजार फुटांची रेषा ओलांडली नव्हती. त्यासाठीं अमेरिकन आरमाराच्या एका जुन्या रायफलीची मोठी पुंगळी घेऊन तिचें तोंड .२२ पर्यंत आवळलें होतें. मोठ्या चंबूला बारीक तोटी बसवावी तसा प्रकार. चंबूंतली सारी आग त्या तोटींतूनच जावयाची. घसा बसला यांत नवल तें काय! थोड्याच वर्षांत स्विफ्ट नळी खाते असा बोभाटा झाला. कोणी म्हणे हजार बारांत नळी गेली, कोणी म्हणे माझी चांगली चालते. दोन्ही बाजू आपापल्या परीनें खऱ्या होत्या. जो माणूस भर उन्हांत प्रेअरी डॉगांच्या वसाहतीपुढें बसून नळीला हात लावतां येणार नाहीं इतकी तापेपर्यंत बार काढी, त्याची नळी गेलीच. आणि जो दोन बारांमध्यें विश्रांति देई व वेग तीन-चारशें फुटांनीं उतरवून बार भरी, त्याची टिकली. हा दुसरा मार्ग कारखान्याच्या काडतुसावर अवलंबून असणाराला खुला नव्हता. जो वेग डब्यावर छापला तोच त्याला मिळे. घरीं भरणाराला मात्र आपली नळी किती खर्चावयाची हें ठरवितां येई. १९६४ सालीं विंचेस्टरनें आपल्या रायफलीची नवी आवृत्ति काढली तेव्हां स्विफ्ट त्यांतून वगळली.

तथापि वेगाचे भक्त कमी झाले नाहींत. ज्या काडतुसाला कोणत्याहि कारखान्याची मान्यता नाहीं, जें कारागिरानें दुसऱ्याची पुंगळी आवळून किंवा फुगवून बनविलें आहे, त्याला अमेरिकन लोक ‘रानमांजर’ म्हणतात. अशीं रानमांजरें शेंकडों झालीं. त्यांतलें एक अत्यंत गुणी निघालें: १९३७ च्या सुमारास जेरी गेब्बी व बुशनेल स्मिथ यांनीं पुढें आणलेलें .२२-२५०. तें अठ्ठावीस वर्षें रानांतच राहिलें व १९६५ सालीं रेमिंग्टननें त्याला घरांत घेतलें. याच पंथांतील पार्कर ॲक्ले हे नळ्या घडविणारे व शिकविणारे गृहस्थ. स्विफ्टची त्यांनीं शेवटपर्यंत पाठराखण केली. त्यांनींच एकदां हत्तीला पुरेल एवढ्या वेदरबी पुंगळीचें तोंड .२२ पर्यंत आवळून पांच हजार फुटांची आकांक्षा धरली. नांवहि थट्टेचेंच ठेवलें. त्याचा अर्थ ‘कानठळी फोडणारा धमाका’ असा कांहींसा होतो. वेग ४,६०० च्या पुढें गेला नाहीं. नुसती दारू वाढवून वेग वाढत नाहीं, नळीच संपते, हें त्या विनोदानें कोणत्याहि ग्रंथाहून स्पष्ट सांगितलें.

दुसऱ्या महायुद्धांत गोळ्या मिळेनाशा झाल्या. तेव्हां कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल येथील फ्रेड हंटिंग्टन यानें खेळण्यांतल्या .२२ काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यांचेंच वेष्टन व आंत शिसें, अशा गोळ्या दाबून काढण्याचे सांचे केले. त्या सांचाच्या नांवाचीं आद्याक्षरें, आर-सी-बी-एस, पुढें जगप्रसिद्ध झालीं. त्यांतलें ‘रॉक चक’ म्हणजे वुडचकचाच पश्चिमेकडील भाऊबंद. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यानें विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून सरकारची उरलेली दारू, एकदम पन्नास हजार पौंड, विकत घेतली आणि हौशी लोकांना किरकोळीनें विकली. स्वस्त दारू, चांगल्या गोळ्या आणि घरीं परतलेले जवान. या छंदाला बहर आला तो असा.

बहर आला तसा त्याचा रोखहि बदलला. वुडचक वर्षांतून कांहीं महिनेच बाहेर असतो. उरलेल्या काळांत काय करावें? लोक रायफल भक्कम मेजावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवून कागदावर मारूं लागले. न्यूयॉर्क संस्थानांतले हार्व्हे डोनाल्डसन यांचें ‘वास्प’ नांवाचें रानमांजर या मेजावर आरंभीं जिंके. १९५१ सालीं या खेळाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कागदावर थाप चालत नाहीं. शिकारी माणूस एका अचूक बाराची आठवण ठेवतो व नऊ चुकलेले विसरतो; कागद दहाहि दाखवितो. आणि कागदानें जें दाखविलें तें वेगभक्तांना रुचण्यासारखें नव्हतें. १९५० सालीं रेमिंग्टनमधील अभियंते माइक वॉकर, जे स्वतः मेजावरचे खेळाडू होते, त्यांनीं ‘.२२२’ ही अगदीं नवी पुंगळी काढली. तिची पोकळी स्विफ्टच्या पोकळीच्या निम्म्याहून थोडी अधिक. ५० ग्रेनांची गोळी, वेग ३,२०० फूट. स्विफ्टहून नऊशें फूट कमी! आणि तरीहि मेजावर तिनें सर्वांना मागें टाकलें, तेंहि नळीला कितीतरी कमी खाऊन. थोडी दारू दरवेळीं सारखी जळते. पुंगळी, टोपी, गोळी सारख्या असल्या कीं नळीची थरथरहि सारखी होते. अचूकता ही जोराची नव्हे, सारखेपणाची मुलगी निघाली.

सारखेपणा आणावयाचा म्हणजे काय करावें लागतें, हें पाहिलें तर रांगोळीची किंवा पाकाची आठवण यावी. पुंगळ्या तोलून निवडावयाच्या, त्यांचीं तोंडें एका जाडीचीं कातावयाचीं, सबंध पुंगळी न आवळतां तिची मान तेवढी आवळावयाची, म्हणजे ती आपल्याच नळीला चपखल बसते. गोळी पुंगळींत किती खोल बसवावयाची हें तर अर्धें शास्त्र. गोळी आट्यांपासून किती अंतरावर उभी आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें, आणि घसा झिजत जाऊन आटे पुढें सरकतात. म्हणून भरणारा दर कांहींशें बारांनीं मोजमाप करून गोळी थोडी बाहेर काढीत जातो. नेमबाज याला घशाचा पाठलाग म्हणतात. एके दिवशीं गोळी इतकी पुढें येते कीं पुंगळीच्या मानेंत तिची पकडच राहत नाहीं. मग कारागीर नळीचा मागचा एखादा इंच कापून टाकतो, नव्यानें घर कोरतो, आणि नळीला दुसरें बालपण मिळतें. पंगतींत पान मागें घ्यावें तसें हें आहे, पण फार वेळां घेतां येत नाहीं.

या कौतुकांत ज्या प्राण्यावर हें सारें उभें राहिलें त्याचा विसर पडूं नये. काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगची वस्ती विसाव्या शतकांत पूर्वीच्या मानानें अगदीं थोडी उरली. त्याला नळ्यांनीं संपविलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारी विषप्रयोग, प्लेग आणि नांगर यांनीं तें काम केलें. पण त्याच्यावर जगणारें काळ्या पायांचें फेरेट त्याच्याबरोबर गेलें. तें नष्टच झालें असें समजत असतां १९८१ सालीं वायोमिंगमध्यें मीटीट्सीजवळ तें पुन्हां आढळलें. तीनशें यार्डांवरून तळहाताएवढें लक्ष्य टिपण्याचें कौशल्य खरें. तें लक्ष्य जिवंत असलेंच पाहिजे असें मात्र नाहीं, आणि मेजावरच्या मंडळींनीं तें सप्रमाण सिद्ध केलें आहे. १९७५ सालीं डॉ. लुई पाल्मिसानो व यंत्रकारागीर फेरिस पिंडेल यांनीं आंखूड, जाडशी, ‘पीपीसी’ नांवाची पुंगळी काढली. पोपच्या शिष्यांनीं ज्या कौशल्यासाठीं शिशाची गोळी हातानें ठासली, तें आतां या पुंगळीनें कागदावर एका छिद्रांत पांच गोळ्या घालून दाखविलें जाऊं लागलें.

पोप १९५० सालीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं वारला. त्याच वर्षीं ‘.२२२’ बाजारांत आली. त्याच्या कांहीं नळ्या अजून चालतात. मेजावरचा आजचा खेळाडू मात्र आपली नळी दुधाच्या बरणीसारखी समजतो. रिकामी झाली कीं बदलावयाची. बदललेल्या नळीचें काय करतां असें विचारलें तर तो थट्टेनें सांगतो कीं परसांतल्या टोमॅटोच्या झाडांना तिचा आधार फार चांगला होतो.